अलीकडचा आणि पलीकडचा : चिसाल्पिनोच्या नऊ रेकचं प्रकरण

स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकाला, इटलीच्या हद्दीला अगदी खेटून, कियासो नावाचं स्टेशन आहे. या एका स्टेशनात दोन देशांची वीज येते. उत्तरेकडून आलेली तार १५ हजार व्होल्टची, एसी, आणि तीही सेकंदाला १६.७ आवर्तनांची. दक्षिणेकडची ३ हजार व्होल्टची, डीसी. दोघींचं एकमेकींशी काही जमत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं इथे ठरलेला कार्यक्रम चालायचा. गाडी आली की स्विस इंजिन सुटायचं, इटालियन इंजिन लागायचं, ब्रेक तपासले जायचे आणि तेवढ्यात पासपोर्ट बघणारे डब्यांतून एक फेरी मारून जायचे. इगतपुरीला डीसी इंजिन काढून एसी इंजिन लागेपर्यंत ज्यांनी फलाटावर उभं राहून वडा खाल्लाय, त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. पण इगतपुरीच्या दोन्ही बाजूंना रेल्वे एकच होती. कियासोच्या दोन बाजूंना दोन रेल्वे होत्या, आणि पुढे जे काही घडलं ते बरंचसं या एका फरकामुळे.

प्रकरण आहे चिसाल्पिनो नावाच्या कंपनीचं आणि तिच्या ईटीआर ४७० या झुकणाऱ्या गाड्यांचं. नऊ डब्यांचे नऊ रेक. (रेक म्हणजे एकत्र जोडलेल्या डब्यांची अख्खी गाडी.) १९९६ मध्ये ते मोठ्या कौतुकाने धावायला लागले आणि १३ वर्षांत कंपनी गुंडाळली गेली. रेल्वेच्या जगात फसलेल्या गाड्या पुष्कळ आहेत, तरी हे प्रकरण मला बघण्यासारखं वाटतं. इथे गाडी जे करण्यासाठी बांधली होती ते तिला येत होतं. ती वळणावर झुकत होती, दोन्ही विजांवर चालत होती. तरी ती नावं ठेवली जाण्याचा विषय होऊन बसली.

आधी नावाबद्दल. लॅटिनमध्ये ‘सिस’ म्हणजे अलीकडे. सिसाल्पाइन म्हणजे आल्प्सच्या अलीकडचं. पण अलीकडचं कोणाच्या? रोममध्ये उभं राहून बघणाऱ्याच्या. म्हणजे झ्युरिकमधून मिलानला निघालेला माणूस आपल्या दृष्टीने पलीकडे जात असतो आणि त्याच्या गाडीवर मात्र ‘अलीकडचा’ असं लिहिलेलं. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हे नसणार. त्यांना जुन्या ‘सिसाल्पिन’ गाडीची पुण्याई हवी असावी.

ती जुनी गाडी थोडक्यात सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे पुढच्या प्रकरणातला एक गैरसमज आधीच दूर होतो. १९६१ मध्ये स्विस रेल्वेने, म्हणजे एसबीबीने, चार वेगवेगळ्या विजांवर चालणारे विजेचे रेक बांधून घेतले. स्वित्झर्लंडची एसी, फ्रान्सची २५ हजार व्होल्टची एसी, फ्रान्सचीच दीड हजारची डीसी आणि इटलीची ३ हजारची डीसी. छपरावर चार पेंटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारे सांगाडे; वेग ताशी १६० किलोमीटर. मिलान ते पॅरिस ‘सिसाल्पिन’ आणि झ्युरिक ते मिलान ‘गोतार्दो’ या गाड्या याच रेकच्या. १९६१ साली हे जमत होतं. तेव्हा दोन विजांवर चालणारी गाडी बनवणं १९९० च्या दशकात कोणाला अवघड गेलं असेल, असं मानायचं कारण नाही. ते रेक एसबीबीचे होते, एसबीबीच्याच शेडमध्ये राहायचे आणि बिघडले तर कोणाला बोलवायचं हे सर्वांना ठाऊक होतं.

झुकायचं कशासाठी

आल्प्समधून जाणारे दोन मोठे जुने मार्ग आहेत. गॉटहार्डचा १८८२ चा आणि सिम्प्लॉनचा १९०६ चा. गॉटहार्डच्या माथ्यावर १५ किलोमीटरचा बोगदा आहे, पण त्या बोगद्यापर्यंत चढायला दोन्ही बाजूंनी घाट आहे. वासेन गावाजवळ रूळ डोंगरात गोल फिरून वर येतात, आणि तेच एक चर्च प्रवाशाला तीन वेळा तीन उंचींवरून दिसतं. चढ हजारी २६-२७ चा. आपल्या बोर घाटाचा आणि कसाऱ्याच्या थळ घाटाचा १:३७ चा चढ याच हिशेबात मोडतो. वळणं मात्र इतकी तीव्र की ३०० मीटर त्रिज्येच्या आसपास येतात.

वळणावर गाडी जोरात नेली तर ती उलटेल ही भीती नंतरची. त्याच्या कितीतरी आधी प्रवासी बाहेरच्या बाजूला ढकलला जातो आणि चहा बशीत येतो. म्हणून रुळांनाच आतल्या बाजूला कल देतात, रेल्वेवाले त्याला कॅन्ट म्हणतात. पण त्याच रुळांवरून संथ मालगाड्याही जातात, त्यामुळे कल फार वाढवता येत नाही. ३०० मीटरच्या वळणावर १५० मिलिमीटर कल धरला, तर नेहमीची गाडी ताशी ८० च्या आसपास अडकते. मग रुळांऐवजी डबाच आणखी कलता केला तर? आठ अंश झुकलेल्या डब्यात बसणाऱ्याला बाजूचा धक्का बराच कमी जाणवतो आणि त्याच वळणावर कागदावर ताशी शंभरपर्यंत जाता येतं. कागदावर, हे मुद्दाम म्हणतो. उतारावरचे ब्रेक, जुने पूल, रुळांवर पडणारा बाजूचा जोर हे सगळं मध्ये येतं आणि त्यातलं थोडंच हाती लागतं. तरी झ्युरिक–मिलानसारख्या प्रवासात पाऊण तास वाचला तर विमानाचा गिऱ्हाईक परत येतो, हा हिशेब चुकीचा नव्हता.

झुकण्याचे दोन प्रकार. एक, डबा वरून टांगल्यासारखा ठेवायचा आणि त्याला आपोआप लोंबू द्यायचं. स्पॅनिश टॅल्गो गाड्या तशा. २०१६ च्या सप्टेंबरात चाचणीसाठी दिल्लीहून सुटून बारा तासांच्या आत मुंबई सेंट्रलला पोचलेली गाडी हीच. दुसरा प्रकार जबरदस्तीचा. पुढच्या बोगीतले गायरोस्कोप आणि त्वरणमापक वळणाची सुरुवात ओळखतात आणि मागच्या प्रत्येक डब्याला पाळीपाळीने, नेमक्या क्षणी झुकण्याचा हुकूम सोडतात. तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे डब्याला ढकलतात. (बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. इथे बोगी म्हणजे डब्याखालचा, चाकं-ॲक्सल असलेला सांगाडा.) हुकूम जरा उशिरा पोचला तर प्रवाशाला आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे ढकलल्यासारखं होतं. ब्रिटिश रेल्वेच्या एपीटी गाडीने १९८१ च्या डिसेंबरात हे सर्वांसमोर दाखवून दिलं. प्रवाशांना मळमळलं, वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली आणि गाडी मागे घेतली गेली. त्यातून एक शहाणपण सगळ्यांनी उचललं: धक्का पूर्ण पुसायचा नाही, थोडा शिल्लक ठेवायचा. डोळ्यांना वळण दिसतं आणि अंगाला काहीच जाणवत नाही, अशा वेळी पोट बंड करतं.

दुसऱ्या प्रकारात इटलीची फियाट सर्वांत पुढे होती. पिडमाँटमधल्या साविल्यानो गावातल्या कारखान्यात ईटीआर ४०१ हा एकुलता एक रेक बनला. १९७६ मध्ये तो रोम ते अँकोना, म्हणजे अपेनाइन डोंगर ओलांडून, धावायला लागला. लंबकाला इटालियनमध्ये ‘पेंडोलो’ म्हणतात, त्यावरून पेंडोलिनो हे लाडाचं नाव पडलं. १९८८ मध्ये ईटीआर ४५० ने रोम–मिलान अंतर चार तासांच्या आत आणलं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ४६० आला आणि त्याचाच दोन विजांवर चालणारा भाऊ म्हणजे ४७०. बाह्यरूप जोर्जेत्तो जुजारो यांचं. मोटारींमुळे जगभर माहीत असलेलं नाव. मिलान सेंट्रलच्या लोखंडी कमानीखाली ती गाडी देखणी दिसायची यात शंका नाही.

एक कंपनी, तिचे नऊ रेक आणि बाकी सगळं दुसऱ्यांचं

चिसाल्पिनो कंपनी १९९३ मध्ये स्विस आणि इटालियन रेल्वेच्या पुढाकाराने उभी राहिली. नोंदणी स्विस कायद्याखाली, कचेरी बर्नच्या परिसरात. कल्पना अशी की सरहद्दीपलीकडे जाणारी गाडी दोन सरकारी खात्यांत वाटून घेण्याऐवजी तिला एक स्वतंत्र मालक द्यावा. तो तिकिटं विकेल, डबे सजवेल, विमान कंपनीसारखा वागेल. त्या वेळी युरोपात रेल्वेसंबंधी सगळा विचारच त्या दिशेने चालला होता.

सप्टेंबर १९९६ मध्ये गाड्या सुरू झाल्या. पुढच्या काळात मिलानहून सिम्प्लॉनमार्गे जिनिव्हाला आणि बर्न–बासेलला, गॉटहार्डमार्गे झ्युरिकला, आणि १९९८ पासून झ्युरिकच्याही पुढे जर्मनीत श्टुटगार्टपर्यंत. सर्वाधिक वेग ताशी २०० किलोमीटर, आसनं पावणेपाचशेच्या आसपास.

आता या गाडीला रोज काय काय सांभाळावं लागायचं ते बघा. दोन प्रकारची वीज तर आहेच. वर पेंटोग्राफही देशागणिक निराळा. स्वित्झर्लंडमध्ये जुन्या बोगद्यांच्या मापामुळे तो १४५० मिलिमीटर रुंद, जर्मनीत १९५०. शिवाय डबा झुकला तरी पेंटोग्राफ झुकून चालत नाही, नाहीतर तार सुटेल. म्हणून त्याला डब्याच्या छपराऐवजी खालच्या बोगीशी बांधून ठेवायची वेगळी यातायात. सिग्नल यंत्रणा तीन देशांत तीन तऱ्हेच्या आणि प्रत्येकीसाठी गाडीत स्वतंत्र उपकरण. इटली आणि स्वित्झर्लंडमध्ये गाड्या आपल्यासारख्या डाव्या रुळावरून चालतात, जर्मनीत उजव्या. प्रत्येक देशात गाडीला वेगळी मंजुरी लागते, आणि एका देशाने सॉफ्टवेअर बदलायला सांगितलं की ते दुसऱ्याला पुन्हा दाखवावं लागतं. मूळ इटालियन रेकमध्ये हा सगळा संसार कोंबायचा, आणि झुकण्याची यंत्रणाही त्याच डब्याखाली. जड झालेल्या, दाटीवाटीच्या यंत्रात एका भागाची कुरबुर दुसऱ्याला बाधते. शेडमध्ये काम केलेल्या कोणालाही हे पटेल.

पण मला खरी मेख वाटते ती आकड्यात. नऊ! नऊ रेक म्हणजे रेकच्या लिंकमध्ये, कोणता रेक कोणत्या फेरीला लावायचा त्या आखणीत, श्वास घ्यायलाही जागा नाही. समजा रोजच्या फेऱ्यांना सात रेक लागतात. एक मोठ्या देखभालीला आत गेला. उरला एक. त्या एकावर जिनिव्हा, बासेल, झ्युरिक आणि श्टुटगार्ट या सगळ्यांची आशा. तो मिलानला उभा आणि गाडी बंद पडलीय झ्युरिकला. ऐन वेळी दुसरा रेक लावावा तर तसा दुसरा रेक त्या देशात कुठेच नाही. साध्या डब्यांची गाडी लावली की झुकणाऱ्या गाडीसाठी आखलेली वेळ गाठता येत नाही, म्हणजे ती सुटतानाच लेट. आणि संध्याकाळी उशिरा आलेला रेक रात्री शेडमध्ये कमी वेळ थांबतो, सकाळी अर्धवट तपासलेला निघतो आणि दुपारी पुन्हा बिघडतो. या चक्रात गाडीचा मूळ दोष किती आणि वेळेअभावी न झालेल्या कामाचा किती, हे वेगळं करणं फार अवघड होऊन बसतं.

प्रवाशांना अर्थात त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना दिसत होतं ते बंद पडलेलं वातानुकूलन, कुलूप लावलेले संडास, झुकण्याची यंत्रणा बंद ठेवून रेंगाळत जाणारी गाडी. स्विस वर्तमानपत्रांनी ‘पानेनत्सूग’ असं नाव पाडलं, म्हणजे बिघाडगाडी.

रागाची धार सर्वांत जास्त होती ती स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषक तिचीनो कॅन्टनमध्ये, म्हणजे प्रांतात. ही गोष्ट बाहेरून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मिलानहून झ्युरिकला जाणाऱ्यासाठी चिसाल्पिनो ही परदेशी जाण्याची गाडी होती. पण लुगानोच्या माणसासाठी तीच झ्युरिकला नोकरीला, कॉलेजला, डॉक्टरकडे जाण्याची गाडी होती. आपल्याच देशात फिरताना सरहद्दीपलीकडचा उशीर का सोसायचा, हा त्याचा प्रश्न वाजवी होता.

घड्याळ

स्वित्झर्लंडमध्ये उशिराचा अर्थ निराळा आहे. १९८२ पासून तिथलं वेळापत्रक ठरावीक अंतराने, दर तासाला त्याच मिनिटाला, असं बांधलेलं आहे. मोठ्या जंक्शनांवर सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या जरा आधी येतात आणि जरा नंतर सुटतात, म्हणजे प्रवासी फलाट बदलून कुठूनही कुठेही जाऊ शकतो. डिसेंबर २००४ मध्ये ‘बान २०००’ प्रकल्पाने हे जाळं आणखी घट्ट विणलं. गाडी शक्य तितक्या वेगाने न नेता जोडगाडी गाठायला लागेल तितक्याच वेगाने न्यायची, असं त्यांचं सूत्र. अशा जाळ्यात दहा मिनिटं उशिरा आलेली गाडी एकटी उशिरा येत नाही, ती चार दिशांना उशीर वाटत जाते.

इटलीत त्या काळी लांब पल्ल्याच्या गाडीला दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होणं फार मनाला लावून घ्यायची रीत नव्हती. यात इटालियन माणूस आळशी आणि स्विस माणूस शिस्तीचा असला पोरकट निष्कर्ष काढू नये. मिलानच्या आसपासचे रूळ लोकल गाड्यांनी भरलेले असतात आणि तिथला नियंत्रक आधी हजारो चाकरमान्यांचा विचार करतो. कल्याणला कोणती गाडी आधी काढायची हे ठरवणाऱ्याची जी अडचण, तीच. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर होते, आणि गाडी दोघांच्या मध्ये सापडली होती.

उशीर झाला की जबाबदार कोण? गाडी चिसाल्पिनोची. रूळ आणि सिग्नल ज्या त्या देशाचे. चालवणारा ड्रायव्हर ज्या त्या रेल्वेचा. देखभालीचा मुख्य भार इटलीच्या बाजूला. बनवणारी फियाट फेरोव्हियारिया २००० मध्ये फ्रान्सच्या अल्स्टॉमकडे जायला लागली, त्यामुळे तक्रारीचं पत्रही आता तिसऱ्या देशात. तिकीट काढलेल्या प्रवाशाला मात्र फक्त डब्यावरचं नाव दिसायचं. दोन थोरल्या भावांनी मिळून धाकट्याच्या नावावर दुकान टाकावं, माल स्वतः पुरवावा, गल्ला स्वतः मोजावा आणि गिऱ्हाईक ओरडलं की बोट धाकट्याकडे दाखवावं, तसा हा प्रकार झाला.

तुलनेसाठी त्याच काळातली एक दुसरी झुकणारी गाडी डोळ्यांसमोर ठेवावी. एसबीबीने २००० पासून आयसीएन नावाचे स्वतःचे झुकणारे रेक रुळांवर आणले. वेग तोच, ताशी २००. झुकवणारी यंत्रणा तेलाची नव्हती, ती विजेच्या मोटरवर चालणारी होती. वीज फक्त १५ हजार व्होल्टची, म्हणजे देशाबाहेर इटलीत जायचा प्रश्नच नाही. आणि एकूण रेक ४४. जुरा डोंगराच्या पायथ्याच्या वळणावळणाच्या मार्गावर त्या गाड्यांनी वर्षानुवर्षं निमूट काम केलं. झुकणारी गाडी मुळातच भरवशाची नसते, असं म्हणणाऱ्यांना आयसीएन हे उत्तर आहे. यंत्रातला फरक महत्त्वाचा खराच, पण एकच मालक, एकच वीज आणि नऊच्या जवळजवळ पाचपट रेक या गोष्टी मला त्याहून वजनदार वाटतात.

दुसरा डाव

२००४ मध्ये चिसाल्पिनोने अल्स्टॉमकडे १४ नवे रेक मागवले. ईटीआर ६१०, ‘चिसाल्पिनो दुए’, म्हणजे दुसरा. ताशी २५० किलोमीटर, तीन प्रकारच्या विजा, नवी सिग्नल यंत्रणा. जुन्याचे सगळे धडे यात घातलेले होते. गाडी म्हणून ती चांगली होती आणि आहे, आजही ती धावते. पण डिसेंबर २००७ च्या वेळापत्रकात यायची ती जुलै २००९ मध्ये आली. दीड वर्षाहून जास्त उशीर, बांधणीत आणि मंजुऱ्यांत.

याच मधल्या काळात, २००७ मध्ये, बर्नहून सिम्प्लॉनकडे जाणाऱ्या मार्गावर लोच्बर्गचा ३४.६ किलोमीटरचा पायथ्याचा बोगदा सुरू झाला. म्हणजे रस्ता तयार, गाडी नाही. शिवाय २००५ च्या सुमारास इंजिन-डब्यांच्या, देशादेशांत धावणाऱ्या युरोसिटी गाड्याही चिसाल्पिनोच्या गळ्यात घातल्या गेल्या होत्या. जुने नऊ रेक आता दहा-बारा वर्षांचे झाले होते, नवे येतील म्हणून त्यांच्यावर मोठा खर्च करायला कोणी धजत नव्हतं आणि नवे येत नव्हते. घर पाडून बांधायचं ठरलंय, परवानगी मिळत नाही आणि तोवर गळक्या छपराखाली दिवस काढायचेत. ही अवस्था ज्याने भोगलीय त्यालाच कळेल.

नवी गाडी रुळांवर येऊन काही महिने होतात न होतात तोच दोन्ही मालकांनी कंपनी बंद करायचं ठरवलं. तोवर एसबीबी आणि ट्रेनइटालिया, म्हणजे इटालियन रेल्वेची प्रवासी कंपनी, यांचा निम्मा-निम्मा वाटा होता. डिसेंबर २००९ च्या वेळापत्रकापासून चिसाल्पिनो हे नाव संपलं आणि वाटणी झाली. नव्या १४ पैकी सात-सात. जुन्या नऊपैकी पाच इटलीला, चार स्वित्झर्लंडला. गाड्या त्याच राहिल्या, पाट्या बदलल्या. आपापल्या हद्दीत आपापली जबाबदारी, अशी जुनी युरोसिटीची पद्धत परत आली. म्हणजे ज्या पद्धतीला कंटाळून कंपनी काढली होती तीच.

हे वाचायला उपरोधिक वाटतं, पण मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. यानंतर एसबीबीने ईटीआर ६१० चे आणखी आठ आणि पुढे चार रेक स्वतःच्या नावावर घेतले, म्हणजे तिच्याकडेच १९ झाले. आता बिघाडाला पुरून उरेल इतका साठा होता आणि तो कोणाचा हे सांगायला वकील लागत नव्हता. २०१७ च्या डिसेंबरपासून फ्रँकफर्ट ते मिलान थेट गाडी याच रेकवर सुरू झाली. श्टुटगार्टला जे साधलं नव्हतं ते फ्रँकफर्टला साधलं, आणि तेही वेगळी कंपनी न काढता. स्विस वाट्याचे चार जुने ४७० मात्र २०१४ च्या अखेरीस सेवेतून काढून भंगारात निघाले. वय जेमतेम अठरा. रेल्वेच्या रेकसाठी हे मरण्याचं वय नव्हे.

डोंगराने बदललेली बाजू

झुकणाऱ्या गाडीचा सगळा व्यवहार एका गृहीतावर उभा होता: रूळ वाकडे आहेत आणि वाकडेच राहणार. १ जून २०१६ रोजी गॉटहार्डच्या पायथ्याशी ५७ किलोमीटरच्या बोगद्याचं उद्घाटन झालं आणि त्या डिसेंबरात नियमित गाड्या सुरू झाल्या. २०२० मध्ये त्याच्या दक्षिणेला चेनेरीचा १५.४ किलोमीटरचा बोगदा आला. वासेनचं चर्च आता तीन वेळा दिसत नाही, एकदाही दिसत नाही. झ्युरिक–मिलान प्रवास सव्वातीन तासांवर आलाय. सरळ बोगद्यात झुकायचं कुठे?

स्विस रेल्वेने २०१४ मध्ये इटलीच्या मार्गासाठी श्टाडलर या गाड्या बनवणाऱ्या कंपनीकडे २९ नवे रेक मागवले, जिरुनो नावाचे. ते झुकत नाहीत. झुकण्याचा विचार अगदी सोडला होता असंही नाही. दुमजली लांब पल्ल्याच्या गाड्यांत डब्याचा कल सावरणारी यंत्रणा बसवून लोझान–बर्न प्रवासातली काही मिनिटं वाचवायचा बेत होता. डबे इतके हिंदकळायला लागले की २०२२ मध्ये एसबीबीने तो नाद सोडला आणि त्याऐवजी रूळच सुधारायचं ठरवलं.

या वादाची एक लहानशी शाखा आपल्याकडेही येते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, भारत आणि स्वित्झर्लंड यांच्यात रेल्वेसंबंधी सामंजस्य करार झाले. एकात झुकणाऱ्या गाड्यांचं तंत्र हा विषय होता. त्याच दिवशीचा दुसरा करार कोकण रेल्वे आणि स्विस तंत्रविद्यापीठ यांच्यात होता, गोव्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नावाने बोगद्यांच्या तंत्राची संस्था उभारण्यासाठी. झुकणं आणि खणणं, दोन्ही उत्तरं एकाच टेबलावर सहीला आलेली. पण कोकण रेल्वेने आपला कौल १९९० च्या दशकातच दिला होता. सह्याद्रीच्या पायथ्याने जाताना तिने १२५० मीटरपेक्षा तीव्र वळण घेतलं नाही, चढ १:१५० वर ठेवला आणि त्यासाठी करबुड्यासारख्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यासह नव्वदहून जास्त बोगदे खणले. तिथे झुकणाऱ्या गाडीला फारसं काम नाही. काम आहे ते बोर घाटात आणि कसाऱ्याला. पण तिथे गाडी अडते ती आधी चढावर, वळणावर नंतर. मागून बँकर इंजिन लावायला लागतं तिथे आठ अंश झुकून कितीशी मिनिटं वाचणार, हे कोणीतरी एकदा कागदावर मांडून बघायला हवं.

राहिले इटलीच्या वाट्याचे पाच जुने रेक. त्यांचं नशीब वेगळं निघालं. इटालियन रेल्वे समूहाने २०१७ मध्ये ग्रीसची प्रवासी रेल्वे कंपनी विकत घेतली होती. हे पाच रेक दुरुस्त करून, २५ हजार व्होल्टच्या ग्रीक विजेवर चालतील असे बदलून तिकडे पाठवले गेले. मे २०२२ मध्ये ते ‘पांढरा बाण’ या नावाने एथेन्स ते थेसालोनिकी धावायला लागले. अंतर साधारण ५०० किलोमीटर. वाटेत डोंगर आहे, सरहद्द नाही.